तेल शेल किती भार सोसतो?

तेल शेल म्हणजे केरोजेन असलेला, गाळाच्या पातळ थरांचा खडक; त्याची ताकद एका आकड्यात सांगता येत नाही. भार किती वेगाने टाकला आणि खडकात केरोजेन किती आहे, हे ठाऊक नसेल तर त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

केरोजेन म्हणजे प्राचीन शैवाल आणि इतर जीवांच्या अवशेषांपासून बनलेला घन सेंद्रिय पदार्थ. हवेविना सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर त्यातून तेल व वायू निघतात. अमेरिकेतील कोलोरॅडो, युटा आणि वायोमिंग या राज्यांत पसरलेला ग्रीन रिव्हर शैलसमूह सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या सरोवरांच्या गाळातून तयार झाला असून, त्यात डोलोमाइट, कॅल्साइट, क्वार्ट्‌झ यांचे कण आणि केरोजेन अतिशय पातळ थरांत साचलेले आहेत. खनिजांची घनता पाण्याच्या अडीच पटींहून अधिक, तर केरोजेनची जेमतेम पाण्याएवढी असते. त्यामुळे वजनाने २० टक्के असलेले केरोजेन आकारमानाने जवळपास ४० टक्के जागा अडवते. ताकदीच्या दृष्टीने ही बाब निर्णायक आहे. केरोजेन कमी असेल तर खनिजकण एकमेकांना टेकून सलग सांगाडा उभा करतात, आणि असा शेल ताठ व ठिसूळ असतो. केरोजेन वाढले की कणांचे टेके सुटतात, भार मऊ पदार्थावर येतो, ताकद घटते. मात्र तुटण्यापूर्वी खडक अधिक दबतो.

आता वेगाचा विचार करू. दंडगोलाकार नमुना यंत्रात सावकाश दाबला, तर केरोजेनला सरकायला आणि सूक्ष्म भेगांना एकमेकींत मिसळायला वेळ मिळतो, आणि अखेर एखाद-दुसऱ्या मोठ्या भेगेने नमुना दुभंगतो. हॉपकिन्सन दांड्यांच्या चाचणीत नमुना धातूच्या दोन लांब दांड्यांमध्ये ठेवून एका दांडीवर जोराचा आघात करतात, आणि हाच भार सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागात येतो. भेगेच्या वाढीला वेगमर्यादा असल्यामुळे सर्वांत कमकुवत भेग पुढे सरकण्याआधीच भार चढतो, ठिकठिकाणच्या भेगा एकदम उघडतात, आणि नमुना अधिक भार सोसून बारीक तुकड्यांत फुटतो.

खाणीत ही दोन्ही टोके शेजारीशेजारी भेटतात. सुरुंगाचा धक्का क्षणाचा असतो, म्हणून स्फोटकांचे प्रमाण ठरवताना सावकाश चाचणीतून मिळालेली ताकद अपुरी ठरते. छत पेलणाऱ्या खांबांवर मात्र भार वर्षानुवर्षे राहतो; केरोजेनने समृद्ध थरांतील खांब त्याखाली हळूहळू दबत जातात, आणि प्रयोगशाळेत काही मिनिटांत मोजलेल्या ताकदीवर विसंबून त्यांची जाडी ठरवणे धोक्याचे आहे.