फीफ आणि इक्ता: दोन्हींना ‘सरंजाम’ म्हणताना

लग्नघरात कुणी ‘सगळा सरंजाम आला का?’ असं विचारलं, की विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बस्ता, रुखवत, भांडीकुंडी असं सगळं असतं. फारसीतून आलेल्या या शब्दाचा अर्थच मुळी तयारी, सामग्री. मराठ्यांच्या कारभारात सरदाराला फौज बाळगण्यासाठी मुलूख लावून देत, त्याला म्हणूनच सरंजाम म्हणत. फौजेच्या सामग्रीची ती तरतूद होती. पुढे युरोपातल्या मध्ययुगीन व्यवस्थेला मराठीत नाव हवं होतं, तेव्हा आपण हाच शब्द उचलला आणि ‘सरंजामशाही’ केली. त्यामुळे शाळेपासून डोक्यात एक चित्र पक्कं बसतं. राजाकडे रोकड नाही, म्हणून तो जमीन देतो. घेणारा त्या बदल्यात घोडेस्वार पुरवतो. फ्रान्स काय नि दिल्ली काय, गोष्ट एकच.

माझ्या मते या चित्राने आपलं बरंच नुकसान केलं आहे. युरोपातली फीफ, म्हणजे धन्याने चाकरीच्या बदल्यात सामंताला दिलेली जमीन, आणि इस्लामी राज्यांतला इक्ता, म्हणजे चाकरीपोटी लावून दिलेला महसूल, लांबून जुळ्या भावंडांसारखे दिसतात. जवळ गेलं की कळतं, फीफ हा दोन माणसांमधला करार आहे आणि इक्ता हा पगार आहे. सत्ता मिळवण्याची आणि टिकवण्याची दोघांची रीत या एका फरकातून वेगळी होते.

आधी करार कसा होई ते पाहू. 1127 सालच्या मार्चमध्ये फ्लँडर्सचा (हा मुलूख आजच्या बेल्जियमकडचा) काउंट, म्हणजे तिथला सत्ताधीश, चार्ल्स याचा ब्रूज शहरातल्या चर्चमध्ये प्रार्थना करत असताना खून झाला. त्याच्या जागी विल्यम क्लिटो आला. काउंटच्या दफ्तरात काम करणारा गाल्बर्ट नावाचा लेखनिक तेव्हा ब्रूजमध्येच होता आणि दिवसागणिक टिपणं ठेवत होता. एप्रिलमध्ये तिथले सामंत नव्या काउंटपुढे आले. काउंटने एकेकाला विचारलं, पूर्णपणे माझा माणूस होतोस का? त्याने ‘हो’ म्हटलं, दोन्ही हात जोडले आणि ते जोडलेले हात काउंटने आपल्या दोन्ही हातांत धरले. मग चुंबनाने ते नातं पक्कं झालं. त्यानंतर निष्ठेचं वचन, संतांच्या अवशेषांवर शपथ आणि सगळ्यात शेवटी काउंटने हातातल्या छोट्या काठीने त्यांना त्यांची फीफ बहाल केली. क्रम लक्षात घ्या. आधी माणूस बांधला जातो, जमीन मागाहून येते.

आणि बांधला गेला तो दोन्ही बाजूंनी. वर्षभरातच विल्यमने दिलेली वचनं मोडली असा बोभाटा झाला, तेव्हा गेंट शहरात आल्स्टच्या इवानने लोकांसमक्ष त्याला सुनावलं: दरबार भरवा, जाणती माणसं बसवा, तुम्ही शब्द मोडला असं ठरलं तर मुलूख सोडून जा. सामंताने धन्याला असं म्हणणं हे त्या जगात बंड तर होतंच, पण हक्काचंही होतं. लढाईला तोंड फुटलं आणि 1128 च्या जुलैमध्ये आल्स्टच्या वेढ्यात विल्यम जखमी होऊन मेला.

फीफ एकदा घरात आली की ती बाहेर काढणं अवघड होतं. 877 मध्येच फ्रँक राजा टकल्या चार्ल्सने इटलीच्या स्वारीवर निघताना मान्य केलं होतं, की मागे कुणी काउंट वारला तर त्याच्या मुलाचा हक्क सांभाळला जाईल. 1037 मध्ये मिलानला वेढा घालून बसलेल्या जर्मन सम्राट दुसऱ्या कॉनरॅडने इटलीतल्या लहान सामंतांच्या फीफही वारसाहक्काच्या केल्या आणि वर असंही लिहून दिलं, की त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी निवाडा दिल्याशिवाय कुणाची फीफ काढून घेतली जाणार नाही. आपल्याकडच्या गोतसभेची, म्हणजे वतनदारांच्या न्यायसभेची, आठवण व्हावी असं हे कलम आहे. धन्याच्या हाती उरलं ते वारसाकडून घ्यायचं द्रव्य, अज्ञान वारसाचं पालकत्व आणि वर्षातून साधारण 40 दिवसांची लष्करी चाकरी. वारसाकडून किती घ्यायचं यावरूनही भांडणं होत. इंग्लंडमध्ये 1215 च्या मॅग्ना कार्टा या सनदेचं दुसरंच कलम त्याबद्दल आहे: बॅरनच्या, म्हणजे बड्या सामंताच्या, वारसाकडून 100 पौंड, नाइटच्या वारसाकडून जास्तीत जास्त 100 शिलिंग.

आता इक्ता. अरबीत ‘कतअ’ म्हणजे कापणं. इक्ता म्हणजे कापून दिलेला तुकडा. 945 मध्ये इराणातले बुवैही सरदार बगदादमध्ये शिरले तेव्हा खजिन्यात सैन्याचा पगार भागत नव्हता, म्हणून त्यांनी जमिनींचा महसूल सैनिकांना लावून दिला. महसूल, जमीन नव्हे. त्यांच्यामागून आलेल्या सेल्जुक तुर्कांचा वजीर निजाम उल् मुल्क याने अकराव्या शतकाच्या अखेरीस राज्यकारभारावरच्या आपल्या ग्रंथात हे फार स्पष्ट लिहून ठेवलं आहे. इक्तेदाराचा (अरबीत त्याला ‘मुक्ती’ म्हणत) रयतेवर हक्क एवढाच, की ठरलेला महसूल नीट वागून घ्यावा. तो घेतल्यावर रयतेचा जीव, तिची मालमत्ता, बायकामुलं यांवर त्याचा काडीचा अधिकार नाही. आणि दर दोन-तीन वर्षांनी या लोकांना हलवत राहावं, नाहीतर ते पाळंमुळं रोवतील. फ्रान्समधल्या कुठल्या बॅरनला हे वाचून दाखवलं असतं तर त्याला ते कळलंच नसतं. त्याच्या जमिनीवर तो न्यायाला बसे, दंड वसूल करी. मुक्तीच्या मुलखात न्यायाला काझी वेगळा होता, आणि तो मुक्तीचा चाकर नव्हता.

हा फरक पडला कशामुळे? मला तरी याचं मूळ पैशात आणि शहरांत दिसतं. बगदाद, कैरो, दिल्ली इथे नाणं खेळत होतं, जमिनीचा सारा मोजण्याची जुनी पद्धत होती आणि वहीत लिहिणारे कारकून होते. अमुक गावाचं उत्पन्न इतकं, म्हणून ते अमुक स्वारांच्या पगारापोटी लावा, असा हिशेब तिथे होऊ शकत होता. नवव्या-दहाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये रोमन काळातली करवसुली केव्हाच विरून गेली होती. दफ्तर नव्हतं, मग उरला शब्द, शपथ आणि साक्षीदार.

दोन्हींची कसोटी एका प्रश्नात लागते: धारण करणारा मेला की काय होतं? फीफमध्ये मुलगा पुढे येतो, द्रव्य भरतो, हात जोडतो. इक्ता मात्र नियमाने दफ्तरात परत जायला हवा. हवा, असं म्हणतो, कारण माणसं नियमाने मरतात पण नियमाने सोडत नाहीत.

इतिहासकार बरनीने दिल्लीचा सुलतान बल्बन याच्या काळातला एक प्रसंग सांगितला आहे. आधीचा सुलतान इल्तुत्मिश याने दोआबातली गावं सुमारे दोन हजार स्वारांना लावून दिली होती. बल्बनने चौकशी केली तेव्हा निघालं, की कित्येक स्वार मेलेत, कित्येक इतके थकलेत की घोड्यावर बसवत नाही, आणि गावं त्यांची मुलं, विधवा, गुलाम खात आहेत. ही आम्हाला इनाम मिळाली, असं सगळ्यांचं म्हणणं. बल्बनने हुकूम काढला: म्हाताऱ्यांना जगण्यापुरतं द्या, गावं परत घ्या. म्हातारे शिपाई रडत दिल्लीच्या कोतवालाकडे, फखरुद्दीनकडे, गेले. फखरुद्दीन स्वतः वयस्कर होता. तो दरबारात उदास चेहऱ्याने उभा राहिला. बल्बनने कारण विचारलं, तर म्हणाला, म्हाताऱ्यांना आता दरबारात जागा नाही असं ऐकतो, मग माझं काय होणार? बल्बनचे डोळे भरून आले आणि हुकूम मागे घेतला गेला. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. त्या शिपायांनी कुठलाही करार पुढे केला नाही, ‘बरोबरीच्यांचा निवाडा द्या’ म्हटलं नाही. त्यांच्याकडे तसं काही नव्हतंच. त्यांनी दया मागितली, आणि ती मिळाली.

सत्ता राखण्याची भीतीही त्यामुळे दोन जागी दोन तऱ्हेची. फ्रान्सच्या राजाला बुरुजांची भीती. पॅरिसच्या दक्षिणेला, ऑर्लेआंच्या वाटेवर मोंलेरीचा बुरूज होता. पहिला फिलिप आपल्या मुलाला म्हणाला, हा बुरूज नीट सांभाळ, याच्या त्रासानेच मी म्हातारा झालो. राजा आपल्याच राजधानीतून निर्धास्त बाहेर पडू शकत नव्हता! मुलगा, सहावा लुई, आयुष्यभर असे किल्ले पाडत राहिला. एकट्या ल प्युझेचा किल्ला त्याला 1111, 1112 आणि 1118 असा तीनदा जमीनदोस्त करावा लागला. पण त्याच्या वंशजांना दुसरं हत्यारही सापडलं, ते म्हणजे कराराचा कायदा. इंग्लंडचा राजा जॉन हा नॉर्मंडीसारख्या फ्रान्समधल्या मुलखांपुरता फ्रान्सच्या राजाचा सामंत होता. 1202 मध्ये दुसऱ्या फिलिपने त्याला सामंत म्हणून दरबारात बोलावलं, तो आला नाही म्हणून त्याच्या फीफ जप्त ठरवल्या आणि 1204 पर्यंत नॉर्मंडी घेतली.

सुलतानाला भीती वहीत न दिसणाऱ्या गोष्टींची. कागदावर शंभर स्वार, मैदानात साठ. म्हणून अलाउद्दीन खिलजीने स्वारांना इक्त्याऐवजी रोख पगार दिला, वर्षाला 234 टंका (चांदीची नाणी), घोड्यांना डाग दिले आणि शिपायाचा हुलिया, म्हणजे चेहऱ्यामोहऱ्याचं वर्णन, लिहून ठेवायला लावलं. डाग असला की हजेरीला भाड्याचं तट्टू उभं करता येत नाही. तिकडे कैरोत 1315 मध्ये सुलतान अल्-नासिर मुहम्मदने इजिप्तच्या जमिनींची फेरमोजणी केली आणि 24 भागांपैकी 4 असलेला आपला हिस्सा 10 वर नेला. उरलेल्यातून अमिरांना तुकडे मिळत तेही वेगवेगळ्या गावांत विखुरलेले, म्हणजे एका जागी मुळं धरायला नकोत. अशी फेरवाटणी फ्रान्सच्या राजाच्या स्वप्नातही आली नसती.

तरी ही दोन चित्रं जिथे एकमेकांना भिडली तिथे रंग मिसळलेले दिसतात. बाराव्या शतकातल्या सीरियात तिथला सत्ताधीश नूरुद्दीन याने लढाईत पडलेल्या शिपायाचा इक्ता त्याच्या मुलाला द्यायला सुरुवात केली. इतिहासकार इब्न अल्-अथीर सांगतो की शिपाई म्हणत, ही आमची मिळकत आहे, मुलांना जाणार आहे, म्हणून आम्ही जिवावर उदार होऊन लढतो. त्याच वेळी सीमेपलीकडे जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्यात नाइटांना अक्रासारख्या बंदराच्या जकातीतून रोख रकमेच्या फीफ मिळत. इक्ता घरात शिरला होता आणि फीफ पगार झाली होती.

दिल्लीतही तसंच झालं. फिरोजशाह तुघलकाने शिपायाची जागा मुलाला, तो नसेल तर जावयाला, तोही नसेल तर गुलामाला द्यायचं ठरवलं. इतिहासकार अफीफने लिहिलंय, की एका शिपायाचा घोडा तपासणीत मांडायचा राहिला आणि कारकुनाला द्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते, तेव्हा सुलतानानेच त्याला सोन्याचा टंका दिला. अलाउद्दीनचा डाग तिथे संपला.

आपल्या मुलखात हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदले. पाटीलकी, देशमुखी ही वतनं: वंशपरंपरागत, वाटून घेण्याजोगी, विकण्याजोगी, आणि तंटा झाला तर गोतसभेत महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, व्हायचा. वतनाला हात जोडण्याचा विधी नव्हता, पण मुळं धरण्यात ते फीफच्या जवळचं. मोकासा किंवा जहागीर मात्र इक्त्याच्या कुळातली: सुलतानाची मर्जी फिरली की गेली. भोसल्यांची पाटीलकी वतनाची. शहाजीराजांकडचे पुणे-सुपे मोकाशाचे. बहमनी राज्यात वजीर महमूद गवानने चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, आठ केल्या, प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला आणि बाकीचे सुलतानाच्या माणसांकडे दिले. निजाम उल् मुल्कचाच धडा होता तो. दुखावलेल्यांनी त्याच्या शिक्क्याचं बनावट पत्र पुढे केलं आणि 1481 च्या एप्रिलमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. दहा वर्षांच्या आत तरफदार आपापल्या गाद्या मांडू लागले. अहमदनगरची निजामशाही 1490 ची.

शिवाजी महाराजांनी फौजेला रोख पगार देण्यावर भर दिला. राजाराम महाराज जिंजीला असताना खजिना रिता आणि मुलूख मोगलांच्या टाचेखाली, तेव्हा सरदारांना मुलूख लावून द्यावेच लागले. तो सरंजाम अर्थाने इक्ताच होता: फौज ठेवा, चाकरी करा, आणि सरदार गेला की मुलूख सरकारचा. पण सरदार बडोद्याला, इंदुरात, ग्वाल्हेरला स्थिरावत गेले. 1768 मध्ये दमाजी गायकवाड वारला तेव्हा पेशव्यांपुढे मुलूख परत घेण्याचा प्रश्न उरलाच नव्हता. प्रश्न होता तो कुठल्या मुलाला मान्यता द्यायची आणि त्याच्याकडून नजराणा किती घ्यायचा. गोविंदरावांनी मोठी रक्कम कबूल करून मान्यता घेतली, आणि तीनच वर्षांत, 1771 मध्ये, पुण्यातून ती त्यांचे भाऊ सयाजीराव यांच्या नावे फिरली.