नारायणराव पेशव्यांचा खून व पुणे दरबाराचे परराष्ट्र धोरण

नारायणराव पेशवे यांना ३० ऑगस्ट १७७३ (भाद्रपद शु. १३, शके १६९५) रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी (पगारी पहारेकरी शिपायांनी) मारले. सुमेरसिंग, महमद ईसफ, खरकसिंग व तुळाजी पवार ही त्यांतील प्रमुख नावे. नारायणरावांचे चुलते रघुनाथराव यांच्या हुकुमातील ‘धरावे’चे ‘मारावे’ त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी केले, ही सर्वश्रुत कथा मुख्यतः उत्तरकालीन बखरींवर उभी असून समकालीन कागदांत तिला सबळ आधार नाही. कट केवळ कैदेचा होता व तो हाताबाहेर गेला, की बेत मुळातच खुनाचा होता, याविषयी मतभेद आहेत. गारद्यांच्या थकलेल्या पगाराचा तगादा पाहता पहिले मत अधिक संभवनीय वाटते. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना दोषी धरले, पण तेवढ्याने आनंदीबाईंचा वाटा ठरत नाही.

मुंबईलगतच्या साष्टी बेटावर व वसईवर मुंबईकर इंग्रजांचा (ईस्ट इंडिया कंपनीचा) डोळा खुनाआधीपासून होता. त्यासाठीच आलेला त्यांचा वकील मॉस्टिन १७७२ पासून पुण्यात होता. खुनाने त्यांना मिळाला तो गादीचा दावेदार, म्हणजे रघुनाथराव. नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव यांच्या जन्मानंतर (१८ एप्रिल १७७४) बारभाईंचा, म्हणजे रघुनाथरावांविरुद्ध एकवटलेल्या कारभाऱ्यांचा, पक्ष बळावला व रघुनाथराव आश्रयासाठी इंग्रजांकडे वळले. सुरतेच्या तहाने (मार्च १७७५) २,५०० फौजेच्या बदल्यात साष्टी व वसई देण्याचे ठरले. ६ लाखांचे जवाहीर तारण पडले. ठाण्याचा किल्ला मात्र इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्येच घेतला होता.

मुंबईने कंपनीच्या कलकत्त्यातील वरिष्ठ सरकारला न विचारता सुरतेचा तह केला होता. कलकत्त्याने तो अमान्य करून आपला वकील अप्टन याच्याकरवी पुणे दरबाराशी पुरंदरचा तह (१ मार्च १७७६) केला. तो मुंबईने पाळला नाही. एकाच कंपनीचे असे दोन परस्परविरुद्ध तह हाती आल्याने कोणाचा शब्द धरावा, हा पुणे दरबारापुढचा खरा पेच होता. नाना फडणीसांनी फ्रेंच सें ल्युबँ याला दरबारी थारा दिला, तो इंग्रजांना धाक बसावा म्हणून असावा. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रज फौज वडगाव मावळात कोंडली गेली व तिला शरणागतीचा करार करावा लागला. तोही कलकत्त्याने नाकारला.

१७८० च्या सुमारास कालचे शत्रू म्हैसूरचा हैदर अली व हैदराबादचा निजाम यांच्याशी इंग्रजांविरुद्ध जूट झाली. धोरणातील सर्वांत मोठा पालट हाच. ती फार टिकली नाही. सालबाईचा तह (१७ मे १७८२) महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीने झाला. नानांनी त्याला मान्यता दिली ती हैदरच्या मृत्यूनंतर, फेब्रुवारी १७८३ मध्ये. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई परत मिळाली. रघुनाथरावांना दरमहा २५,००० रुपये नेमणूक ठरली. १७८६ मध्ये मॅलेट हा कंपनीचा रेसिडेंट (दरबारातील कायम वकील) म्हणून पुण्यात आला. त्याचे निवासस्थान मुळा-मुठेच्या संगमावर होते.