मालकाला आलेलं चलान आणि कलम १३३

वेगाच्या ई-चलानावर गाडीचा फोटो असतो, नंबर वाचता येतो, वेग लिहिलेला असतो. स्टिअरिंगमागचा माणूस बहुतेक वेळा ओळखू येत नाही. तरी मेसेज मालकाच्या मोबाइलवर, त्याच्याच नावाने येतो. गाडी भाच्याने नेली होती, पगारी ड्रायव्हर चालवत होता की ती केव्हाच विकली होती, याचा त्यात पत्ता नसतो. ‘मी चालवत नव्हतो’ हे उत्तर कुठे आणि कसं द्यायचं, हा गोंधळ तिथून सुरू होतो. त्याची मुळं कॅमेऱ्याच्या फार आधीची आहेत.

चालक कोण हे मालकाने सांगावं, हे बंधन ब्रिटनच्या १९०३ च्या मोटार कायद्यात होतं. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ते कलम ८८ म्हणून आलं आणि १९८८ च्या कायद्यात कलम १३३ झालं. मधली कितीतरी वर्षं वेगाच्या बाबतीत त्याची फारशी गरज पडली नाही, कारण हवालदार गाडी थांबवायचा, लायसन्स मागायचा आणि समोरच्याचीच पावती फाडायचा. चालक कोण, हा प्रश्न यायचा तो धडक देऊन पळालेल्या गाडीच्या तपासात.

कलम १३३ चे शब्द नीट वाचायला हवेत, कारण सगळा वाद त्यांतच आहे. ज्या वाहनाच्या चालकावर गुन्ह्याचा आरोप आहे, त्या वाहनाच्या मालकाने अधिकार दिलेल्या पोलिसाने मागणी केल्यावर चालकाचं नाव, पत्ता आणि लायसन्स यांची माहिती द्यायची. ही माहिती म्हणजे त्याच्याकडे असलेली किंवा वाजवी खटपट केल्यावर त्याला मिळू शकेल अशी. म्हणजे आरोप आहे तो चालकावर. मालक इथे माहिती देणारा आहे. त्याच्यावर जबाबदारी येते ती मागणी झाल्यावर. आणि ‘आठवत नाही’ एवढ्यावर त्याची सुटका होत नाही. घरात, कार्यालयात, लॉगबुकात त्याने शोध घ्यायला हवा.

ई-चलानाने हा क्रमच उलटा केला. मुंबईत २०१६ पासून सीसीटीव्हीवरून चलानं निघू लागली, पुढे ती राज्यभर पसरली. यंत्रणा नंबर वाचते, नोंदणीतलं नाव उचलते आणि दंड त्या नावावर चढवते. ‘गाडी कोण चालवत होतं?’ ही विचारणा वगळली जाते. माझ्या मते मूळ चूक इथे आहे, आणि ती तांत्रिक म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने कॅमेऱ्यांना कलम १३६अ चा आधार दिला. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७अ आला: नोटीस घटनेपासून १५ दिवसांत पाठवायची, तीत नंबरप्लेटसह स्पष्ट फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेलं कलम हवं, यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं. जुलै २०२४ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांचं जाळं सुरू झाल्यावर हे नियम घरोघरी पोचले. पण चालकाची ओळख कशी ठरवायची, याचं उत्तर त्यांतही नाही.

काहींच्या मते मालकालाच दोषी धरणं रास्त आहे. त्यांचा आधार पुरावा कायद्यातलं जुनं कलम १०६, आताच्या साक्ष अधिनियमातलं कलम १०९: जी गोष्ट खास एखाद्याच्याच माहितीतली, ती त्याने सिद्ध करावी. युक्तिवाद वजनदार आहे. मात्र त्याच २०१९ च्या दुरुस्तीत अल्पवयीन मुलाने गाडी चालवल्यास पालक किंवा मालक दोषी मानला जाईल, असं कलम १९९अ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. तसं लिहिणं कायदेमंडळाला जमत होतं. वेगाच्या कलम १८३ मध्ये ते लिहिलेलं नाही. तिथे शिक्षा चालवणाऱ्याला, किंवा नोकराला तसं चालवायला लावणाऱ्याला आहे. शिवाय दुसऱ्यांदा तोच गुन्हा केल्यास लायसन्स जप्त व्हायचं असतं. चालक कोण हे न ठरवता कोणाचं लायसन्स घेणार?

स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसण्याचा हक्कही यात येतो. राज्यघटनेतलं अनुच्छेद २०(३) आरोपीला ते संरक्षण देतं. मुंबई राज्य पक्षकार असलेल्या एका खटल्यात १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी त्याची व्याप्ती आखली. युरोपातल्या मानवी हक्क न्यायालयाने २००७ मध्ये दोन ब्रिटिश वाहनमालकांच्या प्रकरणात, चालकाचं नाव विचारण्याने हक्कभंग होत नाही, असं बहुमताने ठरवलं. आपल्याकडे मालकाला चलानावरच उल्लंघन करणारा म्हणून उभं केलं, की तोच आरोपी ठरतो आणि त्याला माहिती विचारण्याचा सरकारचा स्वतःचाच पाया डळमळतो.

‘मालक’ या शब्दाचाही गुंता आहे. कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. २०१८ मध्ये नुकसानभरपाईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात हेच ठरलं: गाडी विकली, ताबा दिला, तरी नोंद बदलेपर्यंत मालक जुनाच. गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ते एजंटकडे ठेवून निश्चिंत झालेल्यांना म्हणूनच वर्षानंतरही चलानं येत राहतात.

त्यामुळे नुसतं ‘मी नव्हतो’ लिहून गप्प बसणं धोक्याचं आहे. कारचा वेग मोडल्याचा दंड कायद्यात १००० ते २००० रुपये आहे. विचारल्यावर चालकाची माहिती न दिल्यास मात्र कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड. उत्तरात चालकाचं नाव, पत्ता, लायसन्स क्रमांक द्यावा. गाडी विकलेली असल्यास हस्तांतराची पोच, बनावट नंबरप्लेटचा संशय असल्यास आपल्या गाडीचे फोटो आणि पोलीस तक्रार जोडावी. आणि हे सगळं चलानाचे पैसे भरण्याआधी करावं. तडजोड शुल्क, म्हणजे खटल्याऐवजी भरायची ती रक्कम, भरलं की प्रकरण मिटतं, मग त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं हे कोणी विचारत नाही.