नोकरी गेल्यावर मिळालेले पैसे आणि आयकर रिटर्न: दावा नेमका कुठे अडतो?

कामावरून कमी केल्यावर कंपनी जी नुकसानभरपाई देते, ती करमुक्तच असते असं बहुतेकांना वाटतं. आयकर कायदा मात्र तिला पगाराच्याच खात्यात धरतो. नोटीस पे, म्हणजे नोटिशीच्या काळाऐवजी मिळणारे पैसे, सुद्धा पगारच. सवलती आहेत, पण त्या आपोआप मिळत नाहीत, आणि त्या का हुकतात ते दरवर्षी रिटर्नच्या दिवसांत डोळ्यांसमोर दिसतं.

सगळ्यात मोठी अडचण एका कागदाची. कामगाराला कपातीत मिळालेली भरपाई कलम 10(10बी) खाली करमुक्त असते. प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, आणि 5 लाख रुपये, या तिन्हींत जी सर्वांत कमी तेवढी. 'कामगार' कोण, हे पदनामावरून नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरतं. व्यवस्थापकाला हे कलम लागू नाही. पण चाकणच्या कारखान्यातला असो की हिंजवडीच्या ऑफिसातला, माणसाला केबिनमध्ये बोलावून राजीनाम्यावर सही घेतली जाते, आणि रिलिव्हिंग लेटरवर 'वैयक्तिक कारणास्तव' असं छापून येतं. मग कपात झाली हे दाखवायचं कशावरून? कर अधिकाऱ्यासमोर कागदच बोलतो. म्हणून कळकळीने सांगतो, सही करण्याआधी कंपनीकडून 'मनुष्यबळ कपातीमुळे सेवा समाप्त' असं लेखी मागा. पत्र मिळत नसेल तर निदान तसा ई-मेल तरी हाती ठेवा.

हाच कागद पीएफलाही उपयोगी पडतो. 5 वर्षांच्या आत पीएफ काढला की कर लागतो, आणि रक्कम 50 हजार किंवा जास्त असेल तर 10 टक्के टीडीएस कापला जातो. पण आजारपण, कंपनीचा धंदा आटोपणं किंवा कमी होणं, किंवा कर्मचाऱ्याच्या हातात नसलेलं कारण यामुळे नोकरी गेली असेल, तर 5 वर्षांची अट लागत नाही. हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आधीच्या कंपनीतला पीएफ ट्रान्सफर केलेला असेल, तर तिथली वर्षंही या 5 वर्षांत मोजतात. टीडीएस कापला गेला तरी रिटर्नमधून परतावा मागता येतो.

आता फॉर्म 10ई. भरपाईच्या करपात्र भागामुळे एकाच वर्षात कर फुगतो, त्यावर कलम 89 चा दिलासा आहे, आणि तो मागायचा तो या फॉर्मने. अट अशी की सलग 3 वर्षं नोकरी झालेली हवी आणि नोकरीचा उरलेला कार्यकाळही किमान 3 वर्षांचा हवा. लोक रिटर्नमध्ये दिलाशाचा आकडा टाकतात आणि 10ई भरतच नाहीत. काही महिन्यांनी दिलासा नामंजूर झाल्याची सूचना येते, सोबत व्याजासकट मागणी. नोकरी नसलेल्या माणसाने ती कुठून भरायची? आयकर पोर्टलवर एक ठळक इशारा दिला असता तर हे टळलं असतं. क्रम लक्षात ठेवा: आधी 10ई, मग रिटर्न. फॉर्ममध्ये कर निर्धारण वर्ष निवडताना पैसे ज्या आर्थिक वर्षात मिळाले त्याच्या पुढचं घ्यायचं. 2025-26 मध्ये मिळाले असतील तर 2026-27. भरपाईसाठी परिशिष्ट तीन; थकीत पगाराचं परिशिष्ट एक भरलंत तर हिशेबच चुकेल. रिटर्न आधीच गेलं असेल तर 10ई भरून, मुदत आहे तोवर सुधारित रिटर्न द्या.

ग्रॅच्युइटी 20 लाखांपर्यंत आणि शिल्लक रजेचे पैसे 25 लाखांपर्यंत, ठरलेल्या सूत्राने, करमुक्त. राजीनामा दिला तरी. नवी करप्रणाली घेतली तरी या सवलती जात नाहीत.

बाकी कागद नेहमीचेच: फॉर्म 16, फुल अँड फायनलचा म्हणजे नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशेब, 26एएस (तुमच्या नावावर कापलेल्या कराचा तपशील), पीएफचं पासबुक. फॉर्म 16 मध्ये कंपनीने सगळी भरपाई करपात्र दाखवली असली तरी पगाराच्या तक्त्यात करमुक्त रक्कम स्वतः दाखवता येते. वर दिलेले कलम क्रमांक 1961 च्या कायद्यातले आहेत. 1 एप्रिल 2026 पासूनच्या उत्पन्नाला 2025 चा नवा कायदा लागू आहे आणि त्यात क्रमांक बदललेत, त्यामुळे 2025-26 चं रिटर्न भरताना जुनेच वापरा.