दाढीच्या फेसाचा मातीचा वाडगा

दाढीच्या साबणाचा किंवा क्रीमचा फेस ब्रशने घोटण्यासाठी चाकावर हाताने घडवलेले, झिलई देऊन भाजलेले पसरट भांडे. त्याच्या तोंडाचा व्यास साधारण ११ ते १४ सेंमी. आणि खोली ५ ते ७ सेंमी. असते. भिंत जाड, बूड रुंद आणि आतली बाजू बहुधा कंगोरेदार ठेवतात. वस्तरा किंवा सेफ्टी रेझर वापरून, साबण आणि ब्रशने केलेल्या दाढीतले हे एक उपकरण आहे. रंगीत झिलईमुळे ते शोभेची वस्तू म्हणूनही विकले जाते. पण त्याची पारख करायची ती आत ब्रश कसा फिरतो, ऊब किती टिकते आणि ओल्या हातात भांडे कसे बसते, यांवरूनच.

दाढीचा साबण अंघोळीच्या साबणाहून वेगळा असतो. त्यात स्टिअरिक या मेदाम्लाचे प्रमाण अधिक असते आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या जोडीला पोटॅशियम हायड्रॉक्साइडही वापरतात. त्यामुळे फेस दाट होतो आणि बराच वेळ टिकतो. ग्लिसरीन त्यातले पाणी धरून ठेवते. ब्रश फिरू लागला की त्याच्या केसांतून हवा साबणाच्या द्रावणात शिरते आणि सुरुवातीला मोठे, पोकळ बुडबुडे येतात. हे बुडबुडे गालावर क्षणभरही टिकत नाहीत आणि पात्याखाली त्यांचा उपयोग नसतो. गुळगुळीत भांड्यात ब्रशची टोके नुसती घसरतात. कंगोऱ्यांवर ती दर फेरीला अडतात, वाकतात आणि सुटतात. त्या घुसळणीत मोठे बुडबुडे फुटून बारीक होत जातात. चाकावर माती वर ओढताना कुंभाराच्या बोटांच्या वळ्या भांड्यात आपोआप उमटतात. इतर भांड्यांत त्या बहुतेकदा पुसून टाकतात, या वाडग्यात मात्र मुद्दाम राखतात. हाताने घडवलेल्या वाडग्याचा खरा गुण इथे आहे. कंगोरे फार धारदार असले तर ब्रशच्या केसांची टोके झिजतात, म्हणून ते गोलसर आणि झिलईखाली दबलेले असावेत.

दुसरा प्रश्न उबेचा. दाढीचे केस कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजले की फुगतात, मऊ होतात आणि पात्याला कमी जोर लावावा लागतो. फेस ऊबदार असेल तर ही अवस्था टिकते. पण फेसात बहुतांश हवाच असल्याने त्याची स्वतःची उष्णता फारच थोडी. तो ज्या भांड्यात असतो त्याच्याच तापमानाला झटकन येतो. अर्धा किलो वजनाचा स्टोनवेअरचा, म्हणजे उच्च तापमानाला भाजून घट्ट केलेल्या मातीचा, वाडगा एका अंशाला सुमारे ०.४ ते ०.५ किलोज्यूल उष्णता धरतो. शिवाय माती उष्णतेची मंद वाहक आहे. पितळ तिच्या कितीतरी पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे पातळ धातूची वाटी गरम पाण्याने तापवली तरी लगेच निवते. मातीच्या वाडग्याची जाडी ही म्हणूनच कारागिरीतली कसर समजू नये, ती हेतुपूर्वक ठेवलेली असते.

यावरची पुढची पायरी म्हणजे दुहेरी भिंतीचा वाडगा. बाहेरच्या आणि आतल्या भिंतीमध्ये पोकळी असते आणि एका छिद्रातून किंवा चोचीतून तीत गरम पाणी भरतात. २०० मिलि. पाणी एका अंशाला जवळजवळ ०.८४ किलोज्यूल उष्णता देते, म्हणजे वाडग्याच्या सगळ्या मातीहून जास्त. दोन-तीन वेळा फेस लावून सावकाश दाढी करणाऱ्याला शेवटच्या हातापर्यंत ऊबदार फेस मिळतो. उकळते पाणी मात्र नको. फार तापलेला फेस लवकर सुकतो आणि विरतो.

घडवण्याची पद्धत साधी असली तरी मोजमाप चोख लागते. माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण १० ते १२ टक्के आकसते, म्हणून १३ सेंमी.चा वाडगा हवा असेल तर चाकावर तो पावणेपंधरा सेंमी.च्या आसपास धरावा लागतो. बूड आणि भिंत जिथे मिळतात तिथे कोपरा ठेवत नाहीत, वक्र देतात. कोपऱ्यात साबण अडकतो आणि ब्रश पोचत नाही. भांडे अर्धवट वाळल्यावर उलटे करून बुडाची कड तासतात. बाहेरून अंगठ्यासाठी खळगा दाबतात किंवा कान जोडतात. साबणाच्या हाताने भांडे धरायचे असल्याने ही गोष्ट मला झिलईच्या रंगाहून फार महत्त्वाची वाटते. दुहेरी भिंतीच्या वाडग्यात पोकळीला वाट ठेवावीच लागते. ती बंद राहिली तर आतली वाफ कोंडून भांडे भट्टीत फुटते. पहिली भाजणी ९५० ते १,००० अंश सेल्सिअसला होते, मग झिलईच्या द्रावणात बुडवून स्टोनवेअर १,२०० ते १,३०० अंशांना पुन्हा भाजतात. या तापमानाला माती घट्ट मिटते आणि पाणी जवळजवळ शोषत नाही. आतली बाजू झिलईशिवाय ठेवलेला वाडगा घेऊ नये: साबण मातीत मुरतो, ओल राहते आणि वास येतो.

आपल्याकडचा माठ नेमका उलट कामासाठी असतो. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या उघड्या भट्टीत, कमी तापमानाला भाजलेल्या मातीची छिद्रे उघडी राहतात, त्यांतून पाझरलेले पाणी बाष्प होऊन उडते आणि माठ गार होतो. तशाच मातीचा वाडगा फेसाला थंड करील. म्हणून बाजारातले मातीचे कोणतेही सुबक भांडे या कामी चालेल असे नाही.

या भांड्याचे पूर्वज युरोपातील न्हाव्यांच्या दुकानांत सापडतात. सतराव्या-अठराव्या शतकांतील पसरट थाळ्यांच्या काठाला अर्धचंद्राकार खाच असे. ती गिऱ्हाइकाच्या गळ्याशी टेकवली की पाणी आणि फेस अंगावर न सांडता थाळीत पडे. इंग्लंडमध्ये कथिलाची पांढरी झिलई दिलेल्या मातीच्या अशा थाळ्यांवर कंगवा, कात्री, वस्तरा आणि साबणाचा गोळा रंगवीत. एका थाळीवरचा मजकूर गिऱ्हाइकाला आठवण करून देतो की ‘महाशय, आपली तिमाही भरली’. म्हणजे दाढीचे पैसे तीन महिन्यांनी चुकते करण्याची रीत होती. त्याच काळात जपानमधील आरिता येथे घडवलेल्या पोर्सेलिनच्या खाचदार थाळ्या इमारी बंदरातून निघत आणि डच व्यापारी त्या युरोपात पोचवीत. काठाला दोन छिद्रे ठेवलेली असत, दोरीने भिंतीवर टांगण्यासाठी.

एकोणिसाव्या शतकात थाळीची जागा मगाने आणि ‘स्कटल’ने घेतली. स्कटल म्हणजे रुंद चोचीचा पाण्याचा जार: चोचीतून ब्रश गरम पाण्यात बुडवायचा आणि वरच्या छिद्रांच्या कप्प्यात साबण ठेवायचा. अमेरिकेत साधारण १८७० ते १९२० या काळात नियमित गिऱ्हाइकाचा मग न्हाव्याच्या दुकानातील फळीवर ठेवण्याची प्रथा होती. एकाचा ब्रश आणि साबण दुसऱ्याला वापरल्याने दाढीच्या मुळांचा संसर्ग पसरतो, ही भीती त्यामागे होती. हे मग बहुधा फ्रान्स, जर्मनी किंवा ऑस्ट्रियातून कोरे येत आणि अमेरिकेतील चित्रकार त्यांवर गिऱ्हाइकाचे नाव व व्यवसायाचे चित्र काढून देत. खाटीक, आगगाडीचा चालक, अग्निशामक अशी चित्रे असलेले हे मग आज संग्राहक जपतात.

किंग कॅम्प जिलेटने १९०३ मध्ये बदलत्या पात्याचा रेझर विकायला काढला आणि दाढी दुकानातून घरी आली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना असे रेझर मिळाल्यावर ही सवय पक्की झाली. पुढे ब्रशशिवाय लावायची क्रीम आणि १९५० च्या आसपास दाबताच फेस देणारे डबे आले. वाडगा मागे पडला. एकविसाव्या शतकात साबण-ब्रशच्या ओल्या दाढीची आवड पुन्हा वाढली तेव्हा लहान कुंभारशाळांनी तो नव्याने घडवला. अमेरिकेच्या मेन राज्यातील जॉर्जटाउन पॉटरी आणि कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातील सारा बॉनीमन पॉटरी यांचे दुहेरी भिंतीचे नमुने या वर्तुळात परिचित आहेत.

महाराष्ट्रात न्हावी आणि कुंभार दोघेही बलुतेदार, तरी कुंभाराचे भांडे न्हाव्याच्या धोकटीत, म्हणजे हत्यारांच्या पिशवीत, शिरले नाही. कारण उघड आहे. धोकटी घेऊन गल्लोगल्ली आणि गावोगावी फिरणाऱ्याला वस्तरा, कातर, नराणी (नखे काढायचे हत्यार), चामोटी (वस्तऱ्याला धार लावायचा चामड्याचा पट्टा) यांच्याबरोबर न फुटणारी धातूची वाटीच परवडते. त्या वाटीत पूर्वी साधे पाणीच असे. आज सलूनमध्ये प्लास्टिकची वाटी असते किंवा ट्यूबमधले क्रीम थेट गालावर घेतात. झिलईच्या मातीचा वाडगा इथे घरगुती हौशीचाच राहिला आहे.

वापरताना वाडगा आणि ब्रश गरम पाण्यात दोन मिनिटे ठेवून पाणी ओतून टाकावे. बोटाच्या अर्ध्या पेराएवढे क्रीम घ्यावे, किंवा भिजलेला ब्रश साबणावर अर्धा मिनिट फिरवून घ्यावा. पाणी थेंबाथेंबाने घालत घोटत राहावे. फेस फेटलेल्या सायीसारखा तुकतुकीत झाला आणि मोठा बुडबुडा दिसेनासा झाला की तो तयार. दख्खनच्या पठारावर बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला बांधून न विरघळणारी साय करतात, त्यामुळे फेस विरून खाली बसतो आणि झिलईवर पांढरट थर चढतो. आरओ यंत्राने शुद्ध केलेले पाणी घेतल्यास फरक तत्काळ दिसतो, आणि थर पातळ व्हिनेगरने पुसून लगेच धुतल्यास निघतो. थंड वाडग्यात एकदम उकळते पाणी ओतू नये, आधी कोमट पाण्याने तापवून घ्यावा. तापमानातल्या अशा झटक्याने भांडे तडकते. झिलईवर जाळीसारख्या बारीक भेगा दिसू लागल्या तर ओल आत शिरते आहे असे समजावे आणि प्रत्येक वापरानंतर वाडगा उलटा ठेवून पूर्ण वाळू द्यावा. कमी तापमानाच्या झिलईत पूर्वी शिसे वापरीत, तेव्हा विकत घेताना शिशाविरहित, जेवणाच्या भांड्यांना चालणारी झिलई आहे का, हे कुंभाराला विचारून घ्यावे.