मालवणचे सागरी अभयारण्य आणि कच्छचे सागरी राष्ट्रीय उद्यान

सुट्टीत सांगली-इस्लामपूरकडची मंडळी घाट उतरून मालवणला जातात आणि परतल्यावर ‘मरीन पार्क पाहून आलो’ असे सांगतात. मालवणला असे उद्यान नाही. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतालच्या समुद्रात १९८७ मध्ये जे घोषित झाले, ते सागरी अभयारण्य होय. सागरी राष्ट्रीय उद्यान पाहायचे तर जामनगर गाठावे लागते; तेथे कच्छच्या आखातातील प्रवाळ बेटांच्या परिसरात १९८० मध्ये अभयारण्य झाले आणि त्याच्या गाभ्याला १९८२ मध्ये देशातील पहिल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

जेथे प्राणी अधिक दुर्मीळ तेथे उद्यान, असा एक समज आहे. ‘राष्ट्रीय’ या शब्दाने त्यात भर पडते आणि उद्यान केंद्र सरकारचे असते, असेही वाटते. वास्तविक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार दोन्हींची घोषणा सामान्यतः राज्य सरकारच करते. खरा फरक माणसांच्या हक्कांबाबत आहे. अभयारण्यात हक्कांची चौकशी करताना जिल्हाधिकारी मुख्य वन्यजीव रक्षकांच्या सल्ल्याने एखाद्याचा जमिनीवरील पूर्वापार हक्क पुढे चालू ठेवू शकतात. राष्ट्रीय उद्यानासाठी कायद्याने नेमके हेच कलम वगळले आहे. अभयारण्यात गुरे चारण्याचे नियमन करता येते, उद्यानात मात्र चराईला पूर्ण बंदी आहे.

हे समजण्यासाठी समुद्रापर्यंत जाण्याचीही गरज नाही. कोयना १९८५ पासून अभयारण्य आहे. चांदोलीही त्याच वर्षी अभयारण्य झाले, पण २००४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये दोन्ही सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आली. वाघासाठी प्रकल्प एकच, तरी आतील नियम दोन प्रकारचे. (आपल्याकडे शिवसागर आणि वसंतसागर ही धरणांच्या जलाशयांची नावे आहेत, आणि सागरेश्वर अभयारण्यात तर हरणे आहेत, तेव्हा नावावरून सागरी काय ते ठरवू नये.)

समुद्रात मात्र चराईचा प्रश्न नसतो, मासेमारीचा असतो, आणि पाण्यावर कुंपणही घालता येत नाही. म्हणून प्रादेशिक सागराचा (किनाऱ्यालगतच्या, देशाच्या हद्दीतील समुद्राचा) भाग संरक्षित क्षेत्रात घ्यायचा असेल तर केंद्र सरकारची पूर्वसंमती घेणे, नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांशी विचारविनिमय करून हद्द ठरवणे आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्यासाठी पुरेशी उपाययोजना करणे, अशा अटी कायद्यात आहेत, आणि त्या अभयारण्याप्रमाणेच उद्यानालाही लागू होतात. मालवणच्या मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला तो याच हिताच्या काळजीने. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढून पोट भरणाऱ्याला अभयारण्य की उद्यान हा शब्दांचा खेळ वाटत नाही. पर्यटकाला तो वाटतो, कारण त्याचे काही जात नाही.

दुर्मीळ प्राण्यांचे संरक्षण या दोन्ही हद्दींवर अवलंबून नाही. कच्छच्या आखातात क्वचित दिसणारी समुद्रगाय किंवा कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालणारे ऑलिव्ह रिडले कासव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत (सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत) आहे, म्हणजे ते हद्दीबाहेर पोहत गेले तरी संरक्षण त्याच्यासोबत जाते. प्रवाळांचाही २००१ मध्ये या अनुसूचीत समावेश झाला. त्यामुळे मालवणहून आठवण म्हणून आणलेली प्रवाळाची फांदी सांगलीच्या विश्रामबागेतल्या घरी शोकेसमध्ये ठेवली, तरी तिला हाच कायदा लागू होतो.