कोई तळ्याचे सिरॅमिक भित्तिचित्र: अंडरग्लेझ कुठे, झिलई कुठे?

कोई माशांच्या तळ्यावरून केलेल्या सिरॅमिक भित्तिचित्रात मासा फिसकटलेला आणि पाणी मात्र ऑइलपेंट फासल्यासारखे निर्जीव दिसत असेल, तर दोष बहुधा रेखाटनाचा नसून अंडरग्लेझ (झिलईखाली लावायचा रंग) आणि रंगीत झिलई (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) यांच्या अदलाबदलीचा असतो.

झिलई भांडी घडवणाऱ्यांच्या नित्य परिचयाची आहे. अंडरग्लेझमध्ये मात्र मुख्यतः माती, रंगद्रव्य आणि थोडे फ्रिट (दळलेली काच) असते. ते कच्च्या, न भाजलेल्या फरशीवरही लावता येते.

खरा घोळ वितळण्याचा आहे. भट्टीत झिलईची काच होऊन ती वाहते, तर अंडरग्लेझ लावलेल्या जागी जवळजवळ जसेच्या तसे राहते. जपानमधील नीगाता प्रांताच्या डोंगराळ भागात जोपासल्या गेलेल्या कोहाकु या कोईच्या प्रकाराची शोभा पांढऱ्या अंगावरील तांबड्या पट्ट्याच्या रेखीव काठात असते, आणि तोच काठ तांबड्या व पांढऱ्या झिलया शेजारीशेजारी लावल्यास हमखास विरघळतो. तोंडाजवळच्या मिशांच्या दोन जोड्या तर झिलईने रंगवण्याचा विचारही करू नये. त्या पुसल्या गेल्या की कोईचा गोल्डफिश होतो, आणि असे बिनमिशांचे ‘कोई’ पाहून मी कंटाळलो आहे.

पाण्यासाठी मात्र झिलईचे वाहणे हाच गुण ठरतो. फरशीत लाटा खोल कोरून त्यांवर फिकट हिरवी पारदर्शक झिलई लावली, तर ती खळग्यांत साचून गडद आणि उंचवट्यांवर पातळ होऊन फिकी दिसते, त्यामुळे खोली वेगळी रंगवावी लागत नाही. फरशी पुढे भिंतीवर उभी लागणार असली तरी भाजायची आडवीच. भट्टीत जागा वाचवण्यासाठी ती उभी करणारे झिलई खळग्यांबाहेर ओघळवून हा परिणाम घालवतात. मासा अंडरग्लेझने रंगवून त्याच्यावरूनही हीच झिलई द्यावी, म्हणजे तो पाण्याखाली दिसतो. अपारदर्शक निळ्या झिलईखाली तो नुसता झाकला जातो. परंतु झिलई अतिप्रवाही असल्यास खालच्या रेषाही ओढल्या जातात, म्हणून आधी नमुन्याच्या फरशीवर ती पारखावी. कमळाच्या पानांच्या हिरव्या अंडरग्लेझमध्ये क्रोमियम असेल, तर वरची झिलई जस्तविरहित घ्यावी, नाहीतर पाने तपकिरी होतात.